आयोवाचे आजोबा आमच्या पाटावर

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि त्यातल्या निम्म्यांना मनातल्या मनात उत्तरंही देऊन टाकली आहेत. बाई, बी-१२ तपासून घ्या. साहेब, घराचं वायरिंग बघून घ्या. भूत, करणी, दृष्ट, स्वप्नातले संकेत यांपैकी कशावरच माझा विश्वास नव्हता, आणि आजही नाही. मग लिहितेस कशाला, असं माझा नवरा विचारतो. तर एका गोष्टीचा मेळ लागत नाही म्हणून. मेळ न लागलेली गोष्ट मला सहन होत नाही… तो माझ्या कामाचा दोष आहे.

मी टूवूंबात राहते. ब्रिस्बेनहून गाडीने दीड-दोन तास, डोंगरावरचं गाव म्हणा किंवा छोटं शहर म्हणा. हिवाळ्यात सकाळी गाडीच्या काचेवर हिम असतं, आणि गाडी नसेल तर माणूस घरातच असतो. हॉस्पिटलात ऑपरेशनची उपकरणं धुऊन, मोजून, निर्जंतुक करून परत पाठवायचा एक विभाग असतो. तिथे मी सुपरवायझर आहे. ट्रेमधून बेचाळीस वस्तू गेल्या तर बेचाळीस परत यायला हव्यात. एकेचाळीस आल्या तर कुणी घरी जात नाही.

नवरा, सतीश, खाणीत इंजिनिअर. दोन आठवडे वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, एक आठवडा घरी, अशी त्याची नोकरी. मुलगा शिकून मेलबर्नला गेला तशी त्याची खोली रिकामी झाली, आणि तिथे युनीतली एक विद्यार्थिनी राहायला आली. हॅना. अमेरिकन, आयोवाच्या एका मक्याच्या शेतावरची, इथे शेतीशास्त्रात मास्टर्स करायला आलेली. तेवीस वर्षांची, उंच, केस पिवळे, आणि बोलायला लागली की थांबायची नाही.

तिला आमच्याकडे घेऊन आला तो युनीतला एक मराठी मुलगा. तो मला काकू म्हणतो. हॅनाला वाटलं हेच माझं नाव. तिने युनीच्या फॉर्मवर इमर्जन्सी काँटॅक्ट म्हणून पहिलं नाव काकू आणि आडनाव आमचं, असं लिहून टाकलं. पुढे युनीतून फोन आला की "मिस काकू आहेत का?" असं विचारायचे. मी "बोलतेय" म्हणायला शिकले. नंतर तिला खरा अर्थ कळला, पण तोवर उशीर झाला होता. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण मला तिचं बोलणं कायम 'काकू, तू' असंच ऐकू यायचं, म्हणून इथेही तसंच लिहिते.

तिचं रोजचं आयुष्य मला पाठ झालं होतं. टूवूंबाच्या थंडीतही पाण्यात बर्फ. पोळीला पीनट बटर. गाडी शिकताना उजवीकडे वळायचं असलं की हिचा वायपर सुरू, कारण तिच्याकडे सगळं उलट्या बाजूला. पोळ्या लाटायला शिकली तेव्हा एकेक पोळी मला उचलून दाखवायची. "काकू, ही टेक्सस. ही बघ, फ्लोरिडा." मी म्हणायचे, "गोल नावाचं एखादं राज्य नाही का तुमच्यात?"

आणि रोज सकाळी साडेसहाला आजोबांना फोन. वॉल्टर आजोबा. तिच्या आईचे वडील, पण वाढवलं त्यांनीच. हॅनाची आई नोकरीसाठी शिकागोला, वडील कुठे ते कुणी विचारत नसे. हॅना सहा वर्षांची असल्यापासून आजोबांकडे. त्यांच्याकडे जुना, उघडून बोलायचा घडीचा फोन, त्यात व्हिडिओ वगैरे काही नाही. ही फोन स्पीकरवर टाकून मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि टोस्ट खात बोलायची. इकडे सकाळ, तिकडे आदल्या दिवसाची दुपार. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला — पाऊस किती झाला? आयोवात बसून या माणसाला टूवूंबाचा पाऊस मिलिमीटरमध्ये लागायचा. मग ते म्हणायचे, "बॉस आहे का तिथे?" बॉस म्हणजे मी. मी ओट्यापाशी चहा करत असायचे. "आहे," म्हणायचे. "पोरगी भांडी घासते का?" "घासते. पण नळ बंद करत नाही." ते हसायचे. आमची ओळख एवढीच. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, त्यांनी मला नाही.

मग मार्च आला, २०२०.

सगळं बंद होत गेलं ते तुम्हालाही आठवत असेल. सतीश तिकडेच अडकला. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केली, आणि तो पर्थमध्ये कंपनीच्या फ्लॅटमध्ये. मुलगा मेलबर्नच्या लॉकडाउनमध्ये. हॅनाला परत बोलवायला तिची आई आणि मावशी रोज फोन करत होत्या. ब्रिस्बेनहून एक विमान होतं, त्यात जागा होती. ती किचनच्या टेबलाशी बसली आणि मला म्हणाली, "काकू, तू हॉस्पिटलमध्ये काम करतेस. तूच सांग. जाऊ की थांबू?"

मी तिला व्यवस्थित कारणं दिली. विमानतळावर गर्दी, संसर्गाचा धोका. इथे केसेस कमी. गेलीस तर परत येता येणार नाही, डिग्री अर्धी राहील. एकही कारण खोटं नव्हतं. ती थांबली.

ऑगस्टच्या मध्यावर वॉल्टर आजोबांना कोव्हिड झाला. चार दिवसांत हॉस्पिटल, मग व्हेंटिलेटर. बहात्तर वर्षांचे, फुप्फुसात आयुष्यभराची धान्याच्या कोठारातली धूळ. भेटायला कुणाला परवानगी नाही. हॅनाची मावशी, डोना, रोज फोनवर कळवायची. हॅनाने तिकिटं शोधली, दोनदा मिळाली, दोनदा रद्द झाली. मी म्हटलं, "गेलीस तरी आत सोडणार नाहीत." हेही खरंच होतं. पण ती माझ्याकडे बघत राहिली. मार्चमध्ये गेली असती तर पाच महिने त्यांच्याजवळ राहिली असती, हे तिने म्हणायची गरजच नव्हती.

व्हेंटिलेटरच्या दुसऱ्या दिवशी आमचे गणपती. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. मूर्ती मी मातीची केली होती, उंदीर जरा मांजरासारखा झाला होता. पूजा सांगायला सांगलीचे गुरुजी व्हिडिओवर. इकडे अकरा वाजलेले, तिकडे साडेसहा. गुरुजी ओल्या केसांनी कॅमेऱ्यासमोर. मी देव मानते की नाही, हे मला विचारू नका. गणपती बसवते. चुकवत नाही.

गुरुजी म्हणाले, "यजमान कुठे आहेत?"

"पर्थला अडकलेत."

"मग शेजारचा पाट रिकामा नको. त्यांच्या जागी सुपारी ठेवा."

मी सतीशच्या पाटावर सुपारी ठेवली. हॅना दारात उभी राहून बघत होती. हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, जो हजर राहू शकत नाही त्याच्या जागी सुपारी ठेवतात, म्हणजे तो बसलाय असं धरायचं.

"कुणासाठीही चालतं?"

"नाही. नवरा-बायकोसाठी असतं."

"ओके," म्हणाली, आणि आत जाऊन भांडी घासायला लागली. सकाळचीच घासलेली भांडी. मला आवाज येत होता. मी दोन मिनिटं सहन केलं.

"गुरुजी," मी म्हटलं, "एक आजोबा आहेत. अमेरिकेत, व्हेंटिलेटरवर. त्यांच्या नावाने एक ठेवली तर चालेल का?"

गुरुजींनी ओले केस मागे सारले. मग म्हणाले, "गोत्र काय?"

"मक्याची शेती आहे."

"कश्यप म्हणा. ज्यांचं माहीत नाही त्यांचं कश्यप. पाट आहे का तिसरा?"

होता. मुलगा लहान असतानाचा, छोटा. त्याचा एक पाय तुटलेला, खाली चहाच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून सरकवावा लागतो. हॅनाला हाक मारली. तिने हात पुसले, आणि डब्यातून स्वतः निवडून एक सुपारी घेतली. गुरुजींनी "वॉल्टर" हे नाव तीनदा विचारून घेतलं आणि मग मंत्रात बरोबर बसवलं. हॅना पूर्ण पूजाभर मांडी घालून बसली. नंतर तिला उठता येईना, तेव्हा आम्ही दोघी बऱ्याच दिवसांनी हसलो.

संध्याकाळी सतीशला सांगितलं. तो म्हणाला, "माझी सुपारी दिलीस ते समजू शकतो, मेधा. त्या म्हाताऱ्याने काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी विसर्जन. मागच्या अंगणात बादलीत. आरती झाली, उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची जरा हलवली, सतीशची सुपारी फुलांबरोबर पाण्यात गेली. हॅनाने तिची सुपारी मुठीत धरली होती.

"हे नाही पाण्यात जाणार," ती म्हणाली.

"हॅना, ज्याला बोलावलं त्याला निरोप द्यायचा असतो. तशीच पद्धत आहे."

"मी नाही देणार निरोप."

मी जाऊ दिलं. चूक झाली ती इथे. आपल्यात कुणीही सांगेल, आवाहन केलेलं तसंच ठेवत नाहीत. पण तिने ती सुपारी स्टीलच्या वाटीत घालून सिंकवरच्या खिडकीत ठेवली, आणि मी वाटीकडे बघायचं नाही असं ठरवलं.

पुढचे तीन आठवडे ती रोज साडेसहाला वाटीसमोर उभी राहून टोस्ट खायची. पाऊस सांगायची, पाऊस नसेल तर तेही. ज्वारीच्या ट्रायलसाठी मशीन मिळत नाहीये, प्रोफेसरांचा कुत्रा ऑनलाइन लेक्चरमध्ये कसा ओरडला, सगळं. मग हळूहळू टोस्ट अर्धा राहायला लागला, मग पूर्ण राहायला लागला. मी डबा करून द्यायचे, तो तसाच परत यायचा.

या तीन आठवड्यांत घरात काही दिसलं, ऐकू आलं, असं अजिबात नाही. फक्त एक. दोन वेळा माझ्याकडून तीन कप चहा झाला. दोन्ही वेळा दुपारी, हॅना खोलीत लेक्चरला. मी आधण मोजून ठेवते. माझ्या हातून असं होत नाही. दोन्ही वेळा मी तिसरा कप भरून ओट्यावर ठेवला, मग लक्षात आलं, आणि सिंकमध्ये ओतून दिला. स्वतःवर वैतागले. थकवा, असं म्हटलं. तेव्हा आमच्याकडे शिफ्टही तशाच चालल्या होत्या.

सप्टेंबरमध्ये एका शनिवारी सकाळी डोनाचा फोन आला. डॉक्टरांनी घरच्यांना विचार करून ठेवायला सांगितलं होतं. आज गुंगीचं औषध कमी करून बघणार, प्रतिसाद आला तर ठीक. नाही आला तर… हॅनाने ऐकून घेतलं, बूट घातले आणि युनीच्या शेतावर निघून गेली. न खाता. मी अडवलं नाही. माणसाला हाताला काम लागतं अशा वेळी.

मी एकटी. सिंकपाशी उभी, समोर वाटी. रेडिओवर दहाच्या बातम्या लागल्या होत्या, म्हणून वेळ नक्की माहीत आहे. मला वाटलं, हे अर्धवट राहिलंय. बोलावलंय, पाठवलेलं नाही. ट्रे उघडा पडलाय. श्रद्धा म्हणा, सवय म्हणा, मला ते बघवेना. हात धुतले, अक्षता घेतल्या, सुपारीवर वाहिल्या, "पुनरागमनाय च" म्हटलं आणि वाटी जागची हलवली.

इथवर ठीक होतं. पण मग मी बोलले. मोठ्याने, मराठीत. खिडकी बंद होती, शेजारी ऑस्ट्रेलियन, आणि ते दोघं बाजारात गेलेले. मी म्हटलं —

"हे बघा, तुम्हाला इथे तीन आठवडे बसवून ठेवलं ती आमची चूक झाली. आता निघा. घरी जा, उठा. पोरगी जेवत नाहीये. आणि मार्चमध्ये ती आली नाही त्यात तिचा दोष नाही. मी थांबवलं तिला. कारणं सगळी खरी दिली, पण त्यासाठी नाही थांबवलं. नवरा तिकडे, मुलगा तिकडे… मला घर रिकामं नको होतं. तर रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. तिच्यावर नको."

हे मी त्याआधी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सतीशलाही नाही. खरं म्हणजे बोलेपर्यंत मलाही असं शब्दांत माहीत नव्हतं. मग सुपारी कढीलिंबाच्या कुंडीत पुरली, वाटी घासली आणि कपडे वाळत घालायला गेले.

हॅना एक वाजता आली. आधी खिडकीकडे बघितलं.

"कुठे आहेत ते?"

"घरी पाठवलं."

"तू पाठवलंस?"

"हो."

"मला न विचारता."

"हो."

ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. हळूच लावलं, ते जास्त लागलं. मी टेबलाशी बसून राहिले. मला तेव्हा देव-बीव काही आठवत नव्हतं. एवढंच वाटत होतं, की आज जर वाईट फोन आला, तर ही मुलगी जन्मभर दोन गोष्टी माझ्या नावावर धरेल, आणि दोन्ही बरोबर धरेल.

फोन दोनला आला. डोना रडत होती, त्यामुळे पहिलं मिनिट काही कळलंच नाही. आजोबांनी डोळे उघडले होते. नर्सने हात दाबा म्हटलं तर दाबला होता. किती वाजता, हे मी नंतर विचारून घेतलं. शुक्रवारी संध्याकाळी सात, सातच्या आसपास. त्यांचे शुक्रवारचे सात म्हणजे आमचे शनिवारचे सकाळचे दहा.

थांबा. यात मी काहीही बघत नाही. गुंगीचं औषध त्या दिवशी कमी होणारच होतं. कमी झालं की माणूस जागा होतो, किंवा होत नाही. ते जागे झाले. हॅनाने त्या दिवशी चार टेक्सस खाल्ले, भाजीबरोबर, आणि मला मिठी मारली. मी म्हटलं, "हात पुस आधी."

बोलता यायला त्यांना आणखी तीन आठवडे लागले. घशाला भोक पाडलेलं, ते बंद व्हायला वेळ जातो. ऑक्टोबरमध्ये एका सकाळी साडेसहाला फोन आला. आवाज कागद चुरगाळल्यासारखा. "पाऊस किती?"

हॅनाला उत्तरच देता येईना. मीच सांगितला. मग ते तिला म्हणाले, की हॉस्पिटलमध्ये असताना मी बराच वेळ तुमच्या किचनमध्ये होतो. एका बुटक्या फळीवर बसवलं होतं मला, जमिनीला टेकलेल्या. माझे गुडघे काय, त्या फळीची उंची काय. शिवाय ती डुगडुगत होती.

हॅना हसत-रडत होती. मी शांतपणे चहा गाळत होते, कारण मला हे माहीत आहे. आयसीयूत इतके दिवस राहिलेल्या माणसांना भास होतात. आमच्याकडच्या नर्स सांगतात — कुणी बोटीत असतं, कुणी लग्नात. आणि हॅनाने पूजेबद्दल डोनाला सांगितलं होतं. आयसीयूतल्या नर्सने त्यांच्या कानाशी फोन धरला तेव्हा डोनाने त्यांना ते ऐकवलंही होतं. गुंगीतल्या माणसालाही ऐकू येतं. पाट समजला. डुगडुगणंही समजलं.

"आणि बॉसला सांग," आजोबा म्हणाले, "दोनदा माझ्यासाठी चहा केला आणि दोनदा ओतून दिला. द्यायचा नव्हता तर करायचा कशाला?"

हॅनाने माझ्याकडे बघितलं. "हे काय?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. गाळणं सिंकमध्ये ठेवलं.

मग ते म्हणाले, "हनी, बॉसकडे फोन दे, आणि तू जरा बाहेर जाऊन ये." ती अंगणात गेली. मी स्पीकर बंद केला.

"मॅम," ते म्हणाले, "ते मार्चचं."

"कुठलं मार्चचं?"

"तुम्ही म्हणालात ना, रागवायचं तर माझ्यावर रागवा. मी नाही रागावलेलो." मध्ये श्वास घ्यायला थांबले. "माझी बायको गेली त्यानंतर माझंही घर रिकामं होतं. पोरगी सुट्टीला आली होती, सहा वर्षांची. तिच्या आईला मी म्हटलं, ठेव हिला इथेच, इथली शाळा फार चांगली आहे." पुन्हा थांबले. "शाळा काही खास नव्हती, मॅम."

मी थँक यू म्हटलं. ते म्हणाले, आता पोरीला द्या फोन.

झालं हे एवढंच. आता मी काय-काय तपासलं ते सांगते, कारण तुमच्यातले माझ्यासारखे लोक तेच विचारतील. किचनमध्ये कॅमेरा नाही. हॅनाचा फोन त्या सकाळी तिच्याबरोबर शेतावर होता, माझा हॉलमध्ये चार्जिंगला. मी घरात एकटी होते. बोलले मराठीत, आणि वॉल्टर आजोबांना येणारा एकमेव मराठी शब्द म्हणजे काकू. चहाबद्दल मी कुणाला बोलले नव्हते; त्यात बोलण्यासारखं काय होतं? वेळेचा योगायोग मी मोजतच नाही. भास मान्य. गुंगीत ऐकलेलं मान्य. पण जे कुणी ऐकलंच नव्हतं ते त्यांनी कुठून ऐकलं? सतीश म्हणतो, तू फोनवर आधी कधीतरी बोलून गेली असशील. त्याला सांगितलं, मी बोलून जाणारी बाई आहे का, तूच सांग. गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, आवाहन केलं होतं ना? मग येणारच. त्यांना यात नवल वाटेना, आणि मला ते पटेना. त्यामुळे गोष्ट तिथेच आहे. माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर लिहा, पण बी-१२ सांगू नका, तपासून झालंय.

त्या फोननंतर मला एक मात्र करावंच लागलं. आजोबांना माहीत, आणि पोरीला नाही, हे बरोबर नव्हतं. पण सांगायला मी फेब्रुवारी उजाडू दिला. तिची डिग्री संपली, विमान मिळालं, आणि मी तिला ब्रिस्बेनच्या विमानतळावर सोडायला गेले. दोघी मास्कमध्ये. माणसं कमी, दुकानं बंद. तिच्या बॅगेत माझ्या मुलाचा तो छोटा पाट होता. मागून घेतला तिने, आजोबांना दाखवायला.

मी म्हटलं, "हॅना, मार्चमध्ये मी तुला थांब म्हटलं, ते तुझ्यासाठी नव्हतं. माझ्यासाठी होतं."

"माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"त्या आठवड्यात तू माझ्या खोलीचे पडदे धुऊन इस्त्री केलेस, काकू. पडदे कोण इस्त्री करतं?"

"आजोबांना सांगितलं होतंस हे?"

"नाही. त्यांना कशाला?" तिने बॅग खांद्यावर घेतली. रांग पुढे सरकत होती.

"माहीत होतं, तर मग गेली का नाहीस?"

तिने थोडा विचार केला. "पडदे छान झाले होते," म्हणाली, आणि रांगेत गेली.